डोळ्याला आधी अंधार हवा

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरवट बकालच्या त्या संत्रा-रसाच्या कारखान्यात पोहोचले तेव्हा फाटकावरचं झेंडूचं तोरण अजून ताजं होतं. आत बॉयलरचं मागचं लोखंडी दार मात्र उखडून समोरच्या भिंतीवर आदळलं होतं, आणि त्या भिंतीवर माणसाच्या उंचीचा काळा पट्टा उमटला होता.

मी अनुपमा. खामगावात राहते आणि विमा कंपन्यांसाठी अपघातांची पाहणी करते. त्याआधी बरीच वर्षं बर्नर दुरुस्त करत विदर्भभर हिंडले आहे. मी गाडीतून उतरले की लोक आधी माझ्यामागून कोणी साहेब उतरतोय का ते बघतात. कोणी उतरत नाही, मग नाइलाजानं मला चहा विचारतात.

घडलं होतं ते असं. रस तापवायला वाफ लागते, वाफेसाठी बॉयलर लागतो, आणि बॉयलरच्या तोंडाशी डिझेलवर चालणारा बर्नर असतो. दसऱ्याच्या मुहूर्तावर पाहुणे बोलावून हंगाम सुरू करायचा ही इथली रीत. त्यासाठी दुपारी बर्नर पेटवायला घेतला आणि आगीचा लोळ बॉयलरच्या मागच्या दारातून बाहेर आला. कडूबा नावाचा म्हातारा कामगार तिथंच उभा होता. त्याचा चेहरा भाजला. तो शेगावच्या दवाखान्यात होता आणि डावा डोळा वाचेल की नाही हे डॉक्टर अजून सांगत नव्हते.

"हे पाहा मॅडम, हे कारण," चिंतामणराव म्हणाले. ते कारखान्याचे मालक. साठीचे, स्वच्छ सदऱ्यातले, आवाज कधी न चढवणारे गृहस्थ. बर्नरच्या कडेला वायरला लागलेला बोटभर काळा तुकडा त्यांनी मला दाखवला. तो चिकटपट्टीनं पाइपला बांधलेला होता आणि त्याची काच वरच्या ट्यूबलाइटकडे वळवलेली होती.

तो फोटोसेल. कारखान्यात सगळे त्याला डोळाच म्हणतात आणि ते बरोबर आहे. बर्नरमध्ये जाळ पेटला की नाही हे बघणं एवढंच त्याचं काम. जे दिसेल ते तो शेजारच्या डबीला कळवतो. ती डबी म्हणजे बर्नरचा कंट्रोल. जाळ दिसला नाही तर कंट्रोल काही सेकंदांत डिझेल तोडतो, लाल दिवा लावतो आणि अडून बसतो. माणसानं येऊन लाल बटण दाबल्याशिवाय तो पुन्हा हलत नाही.

"डोळ्याला ट्यूबलाइट दाखवून ठेवला की कंट्रोलला वाटतं, जाळ पेटला," चिंतामणराव सांगत होते. "मग जाळ नसला तरी डिझेल आत पडत राहतं. लोक असं फसवतात म्हणून बर्नर बसवायला आलेल्या इंजिनिअरनं माझ्यासमोर सांगितलं होतं. प्रेमानंदनं नेमकं तेच करून ठेवलं अन् नागपूरले निघून गेला."

प्रेमानंद हिवराळे म्हणजे बॉयलर चालवणारा. दीक्षाभूमीला जायचं म्हणून तो दसऱ्याच्या आधीच रजेवर गेला होता.

"दुपारी ठाण्यात तक्रार देतो. तुमचा अहवाल संगं जोडला की झालं."

म्हणजे मी मान डोलावली की संध्याकाळपर्यंत एक माणूस कोठडीत. अशा वेळी कोणी मला घाई केली की माझं डोकं फिरतं आणि मी मुद्दाम हळू होते.

बर्नरच्या अंगात डोळा बसवायचं एक भोक असतं. डोळा आत सरकवला की ते पूर्ण भरतं. आता ते रिकामं होतं. खोलीत जिथं हात लावावा तिथं काजळी होती, दारावर, पाइपावर, बर्नरच्या सगळ्या अंगावर. मी त्या भोकात करंगळी घातली, चारी बाजूंनी फिरवली आणि बाहेर काढली.

करंगळी स्वच्छ होती.

२

धवल हा चिंतामणरावांचा मुलगा. पुण्याला शिकून या उन्हाळ्यात परत आलेला. त्याच्या उजव्या हाताला पट्टी होती आणि रात्रभर झोप नसल्याचं तोंडावर दिसत होतं.

"बर्नर मीच सुरू केला," तो म्हणाला. "एकदाच बटण दाबलं आणि भडका झाला."

"एकदाच?"

"एकदाच." हे तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

"त्यानंतर?"

"कडूबाकाकांना मी आणि इंद्रभाननं गाडीत घातलं आणि थेट शेगाव गाठलं. आई पाहुण्यांजवळ होती. खोलीला कुलूप लावायला बाबा थांबले." त्यानं हाताच्या पट्टीकडे पाहिलं. "मी लहान असताना काका मला खांद्यावर बसवून यात्रेला न्यायचे. त्यांचा डोळा गेला तर मी काय करू, मॅडम?"

मुलगा खोटं बोलत होता आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं. या दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात, हे या धंद्यात लवकर कळतं.

इंद्रभान कारखान्याचा इलेक्ट्रिशियन. त्याला मी विचारण्याआधीच बोलायचं होतं, जणू पाठ करून आला होता.

"उन्हाळ्यात म्या सोता पाह्यलं, मॅडम. प्रेमानंदनं डोळा बाहीर काढला न् त्याले मोबाईलचा टॉर्च दाखवला."

"मग बर्नर चालला का?"

इथं पाठांतर संपलं. "मले कोणीतरी बलावलं, मी निंगून गेलो."

"बर्नर बसवायला इंजिनिअर आला होता, तेव्हा कोण कोण हजर होतं?"

"मी, प्रेमानंद अन् भाऊसाहेब. भाऊसाहेबाईले मधातच फोन आला, तं ते उठून गेले. आमी दोघं शेवटलोक बसलो. धवलभाऊ तवा पुण्यातच होते." चिंतामणरावांना कारखान्यात सगळे भाऊसाहेब म्हणत.

बाहेर शेडखाली बाया संत्री निवडत होत्या. त्यातली एक भिमाबाई, प्रेमानंदची आई. मी जवळ जाताच तिनं हातातलं संत्रं टोपलीत ठेवलं.

"माह्या पोरानं काई नाई केलं, बाई."

हे प्रत्येक आई म्हणते, त्यामुळे ते मी सोडून दिलं. काल दुपारी काय ऐकू आलं तेवढं सांगा, म्हटलं.

"पंखा घोंगावला न् थांबला. पुन्हा घोंगावला, पुन्हा थांबला. म्या या अंबूबाईले म्हटलंही, आज काऊन असा करून राह्यला हा? हंगामात रोज कसा, एकदा घोंगावते न् मंग चालतेच. काल घोंगावे न् थांबे. मंग धडाम झालं."

"किती वेळा थांबला?"

"मोजाले बसली होती का मी? लय वेळा!"

अंबूबाईनं मान हलवून साक्ष दिली. तेवढ्यात फाटकाजवळ गलका झाला. पांढऱ्या कपड्यातला एक माणूस जड पिशवी खांद्याला लावून आत येत होता आणि चिंतामणराव पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होते. "तिथंच थांब! आत पाय नको ठेवू!"

३

प्रेमानंद शेगाव स्टेशनवरून सरळ कारखान्यात आला होता. पिशवीत दीक्षाभूमीवरून घेतलेली पुस्तकं होती. कडूबाची बातमी त्याला गाडीतच कळली होती, आणि आपल्यावर आळ आला आहे हेही.

मी त्याला चिंचेखाली घेऊन गेले. तो चिडलेला होता आणि त्यानं ते लपवलं नाही.

"उन्हाळ्यात तुम्ही डोळ्याला टॉर्च दाखवला होता?"

कोण बोललं असेल ते त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यानं विजेच्या खोलीकडे एकदा पाहिलं.

"हाव," तो म्हणाला. "दाखवला होता."

भिमाबाई मागेच उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

"कशाला?"

"इंजिनिअर सांगून गेल्ता, हा डोळा असा फसत नाई. म्हटलं, पाहून तं घेऊ. टॉर्च दाखवला न् बर्नर चालू केला. झालाच नाई. लाल दिवा लागला न् बसला अडून. पुन्हा केला, पुन्हा तेच. मंग डोळा पुसला, जागेवर बसवला न् काम सुरू केलं. इंद्रभान होता की तिथं! त्यानं हे नाई सांगतलं?"

इंद्रभाननं अर्धंच सांगितलं होतं. आणि त्या अर्ध्यावर मी विश्वास ठेवला असता तर अहवाल एका ओळीत संपला असता.

"रजेवर जायच्या आधी काय सांगून गेलात?"

"धवलभाऊले सांगून गेलो, एकदा दाबून नाई पेटला तं दुसऱ्यानं दाबू नका. मले फोन करजा. फोन चालूच ठेवतो."

"आला फोन?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

डोळ्याचं गणित आता माझ्या बाजूनं सुटलं होतं. पण एक मोठा प्रश्न राहिलाच होता. चांगला चालणारा बर्नर ऐन मुहूर्तावर पेटला का नाही?

४

बर्नर बिजागरीवर दारासारखा उघडतो. मी इंद्रभानला बोल्ट काढायला लावले आणि बॅटरी घेऊन आत वाकले. डिझेलचा फवारा सुटतो तिथं त्याच्या पुढ्यात दोन तारांची टोकं असतात. त्यांच्यामध्ये ठिणगी उडते आणि फवारा पेटतो. विजेचा दाब मोठा असतो, म्हणून त्या तारा पांढऱ्या चिनी मातीच्या नळ्यांत बसवलेल्या असतात. नळ्या कोरड्या आणि स्वच्छ असल्या की वीज टोकापर्यंत जाते. ओल्या असल्या की वाटेतच लोखंडात उतरते आणि ठिणगी पडत नाही.

नळ्यांवर काजळी होती. मी ती फडक्यानं हलकेच पुसली. खाली पांढरं निघायला हवं होतं. निघालं पिवळं, आणि पिवळ्याच्या मधोमध लाल.

मी तशीच वाकून राहिले. मग बॅटरी बंद केली आणि चिंतामणरावांच्या घरी, प्रतिमाताईंना भेटायला गेले. घर कारखान्याच्या आवारातच होतं.

"काल यंत्रांची पूजा कोणी केली?"

"यांनीच. दरवर्षी हेच करतात," त्या म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यांचं तेलाचं इंजिन होतं, तेव्हापासूनची पद्धत आहे. यंत्राच्या अंगाला सगळेच कुंकू लावतात. आमच्याकडे मात्र जिथून अग्नी निघतो तिथं लावायचं. मुहूर्ताच्या जरा आधी धवलनं बर्नर उघडून दिला. यांनी हळद-कुंकू पाण्यात कालवून आत दोन्हीकडं बोटं लावली, मग लगेच बंद केलं."

"मागच्या वर्षीही आतच लावलं होतं?"

"नाही. मागच्या वर्षी प्रेमानंद होता ना. तो म्हणाला, आत नका लावू, बाहेर लावा. हे तेव्हा जरा रागावलेच होते."

मी उठले. आता सगळ्यांना एका खोलीत बसवायचं होतं.

५

ऑफिसात चिंतामणराव खुर्चीत होते. धवल आणि प्रतिमाताई बाकावर, इंद्रभान दाराशी. प्रेमानंदला बसायला कोणी म्हटलं नाही, म्हणून मीच खुर्ची ओढून दिली.

"तक्रार लिहून तयार आहे," चिंतामणराव म्हणाले.

"ती फाडायला लागेल," मी म्हटलं. "ऐका. हा कंट्रोल सुरू झाला की आधी नुसता पंखा चालवतो, आत राहिलेली डिझेलची वाफ हुसकायला. आणि तेवढ्या वेळात डोळ्याला विचारतो, काय दिसतं? त्या वेळी उत्तर अंधार असंच यायला हवं. जाळ पेटण्याआधीच उजेड दिसला तर डोळा तरी बिघडलाय नाहीतर कोणी फसवतंय, असं कंट्रोल धरतो आणि डिझेल सोडतच नाही. बॉयलरच्या खोलीला खिडकी नाही. ट्यूबलाइट दिवसभर चालू असतो. डोळा ट्यूबलाइटकडे वळवलेला असता तर काल डिझेलचा एक थेंब आत पडला नसता. आणि डिझेल नाही तर भडका कशाचा?"

"ट्यूबलाइट आधी बंद असंल," चिंतामणराव म्हणाले.

"मग डोळ्याला अंधारच दिसत राहिला असता, आणि काही सेकंदांत डिझेल तुटलं असतं. राहिली एकच वाट. पंखा चालून झाल्यावर कोणीतरी बरोबर वेळ साधून ट्यूबलाइट लावायला हवा. तसं करणारा माणूस खोलीत पाहिजे. प्रेमानंद तेव्हा नागपुरात होता."

मी करंगळी वर केली.

"आणि भोक. भडक्याच्या वेळी डोळा बाहेर लोंबत असता तर रिकाम्या भोकात काजळी भरली असती. ते आतून स्वच्छ आहे. म्हणजे भडका झाला तेव्हा डोळा आपल्या जागी बसून काम करत होता. नंतर त्याला बाहेर काढून ट्यूबलाइटकडे वळवलं. कोणी?"

इंद्रभाननं मान खाली घातली. "म्या नाई, मॅडम."

"माहीत आहे. तुम्ही इंजिनिअरचं शेवटपर्यंत ऐकलंत, आणि उन्हाळ्यात टॉर्च दाखवून बर्नर चालला नाही हे डोळ्यांनी पाहिलंत. तुम्ही हा खोटा पुरावा केला असता तर तो असा केला नसता. धवल इंजिनिअरच्या वेळी नव्हता, आणि भडक्यानंतर तो तुमच्यासोबत शेगावच्या वाटेवर होता. प्रतिमाताई पाहुण्यांत होत्या. उरतो तो माणूस, ज्यानं इंजिनिअरचं अर्धं ऐकलं, 'लोक डोळ्याला दिवा दाखवून फसवायला बघतात' इथपर्यंत, आणि मग फोन आला म्हणून उठून गेला. उरलेलं अर्धं होतं, 'पण हा फसत नाही.' त्याच माणसाकडे काल खोलीची किल्ली होती."

अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच. चिंतामणरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हो," ते म्हणाले. "मीच केलं. पोरानं बटण दाबून दाबून हे घडवलं, असं वाटलं मला. तो तुरुंगात जाईल या भीतीनं डोकं चाललं नाही."

"बाबा!" धवल उठला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मी एकदा नाही दाबलं, मॅडम. लाल दिवा लागायचा, मी दाबायचो. बाहेर पाहुणे होते, मुहूर्त चालला होता. दाबतच गेलो."

"दर वेळी आत थोडं डिझेल पडत होतं आणि न पेटता बॉयलरच्या आतल्या विटांवर साचत होतं," मी म्हटलं. "पंखा वाफ हुसकतो, साचलेलं डिझेल नाही. शेवटी ठिणगी पडली आणि सगळं एकदम पेटलं. कंट्रोल प्रत्येक वेळी नाही म्हणत होता. ते लाल बटण माणसानं येऊन आधी बघावं म्हणून ठेवलेलं असतं. तुम्ही बघितलं नाही, नुसतं दाबलं."

"पण पेटत का नव्हता?" चिंतामणरावांनी विचारलं. "गेल्या आठवड्यातल्या चाचणीत तं चांगला चालला होता."

हे सांगायची मला घाई नव्हती. टाळताही येत नव्हतं.

"ठिणगीच्या नळ्या ओल्या होत्या. त्यांच्यावर हळद-कुंकू आहे. ते पंख्याच्या वाऱ्यानं सुकेपर्यंत ठिणगी पडली नाही. सुकलं तेव्हा पडली."

चिंतामणरावांनी उजवा हात पालथा करून बोटांकडे पाहिलं. करंगळीशेजारच्या बोटाच्या नखाकडेला अजून पिवळं होतं. प्रतिमाताई रडायला लागल्या. मला त्या माणसाचा राग येत होता, तरी त्या क्षणी त्याच्याकडे बघवेना.

प्रेमानंद आता धवलकडे वळला.

"धवलभाऊ, म्या सांगून गेल्तो ना, एकदा दाबून नाई पेटला तं फोन करजा म्हणून? मंग काऊन नाई केला?"

"मी फोन हातात घेतला होता," धवल म्हणाला आणि वडिलांकडे बघून थांबला.

"मी नको म्हटलं," चिंतामणराव म्हणाले. आता ते काहीच लपवत नव्हते. "म्हटलं, पूजेच्या टायमाला, चार पाहुण्यांसमोर, त्याले कायले विचारायचं? मागच्या वर्षी त्यानं कुंकू बाहेर लावायले सांगितलं, ते मनात होतं माझ्या."

प्रेमानंदनं खिशातून फोन काढला, त्याकडे पाहिलं आणि मुठीत धरला.

"मी तिथं लाखो लोकाईत उभा होतो, भाऊसाहेब. आपलं बोलणं आपल्याले आयकू येत नाई एवढा गलका. तरी हा खिशात नाई टाकला. असाच हातात धरून होतो. मुहूर्ताले बॉयलर पेटवतीन, हे मले ठाऊक होतं. वाटत होतं, फोन येईन."

चिंतामणराव उठले आणि त्यांनी तक्रारीचा कागद फाडला. "मी ठाण्यात जातो अन् खरं काय ते सांगतो," ते म्हणाले. "प्रेमानंद, तूही चल. तुझ्यासमोरच सांगतो."

"तुमी जा," प्रेमानंद म्हणाला. "मले शेगावले जायचं हाय. कडूबाले अजून पाह्यलं नाई म्या."

तो बाहेर पडला. पुस्तकांची पिशवी त्यानं आईजवळ दिली, आणि भिमाबाईनं टोपलीतली चांगली संत्री निवडून रुमालात बांधून त्याच्या हातात ठेवली. इंद्रभान मागून गेला आणि त्यानं आपली मोटरसायकल काढली.

"चाल, मी येतो संगं," तो म्हणाला. "पुरं सांगाले पाह्यजे होतं म्या, प्रेमानंद. नोकरी जाईन म्हणून भेलो."

प्रेमानंदनं त्याच्याकडे पाहिलं. मग संत्र्यांचा रुमाल मांडीवर धरून गाडीवर मागे बसला.